पाणथळीवरच्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत? हतनूरपासून ठाणे खाडीपर्यंत



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की आमच्या वर्गात एक प्रसंग दरवर्षी ठरलेला. एखादं मूल वडिलांचा मोबाईल घेऊन येतं आणि विचारतं, "सर, हा कोणता पक्षी?" स्क्रीनवर भरपूर पाणी असतं, भरपूर आभाळ असतं आणि मधोमध एक काळा ठिपका. मूल मात्र खूश असतं. त्याने तो पक्षी खरोखर पाहिलेला असतो. आपल्याला फक्त ठिपका दिसतो.

हा लेख त्या ठिपक्यासाठी आहे. पाणथळ जागेवर पक्ष्यांचे आणि तिथल्या निसर्गाचे फोटो कसे काढावेत, मुलांना ते कसं शिकवावं आणि कुठे थांबावं, हे आज आपण पाहू. महागडा कॅमेरा नसला तरी यातलं बरंचसं जमतं. पण त्याआधी जागा समजून घ्यावी लागते.

१) पक्षी पाण्यासाठी येत नाहीत, चिखलासाठी येतात

आपण खान्देशातली माणसं. खाडी, खाजण, भरती-ओहोटी हे शब्द आपल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातच भेटतात. खाडीत समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर आत येतं आणि ओहोटीबरोबर मागे सरतं. पाणी मागे गेलं की चिखलाचं मोठं मैदान उघडं पडतं. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी, शेवाळ असा खाऊ भरलेला असतो. लांब पायांचे आणि लांब चोचींचे पक्षी या चिखलावर जेवायला उतरतात.

आता आपल्या हतनूरकडे या. भुसावळ तालुक्यात तापी नदीवर हे धरण १९८२ साली पूर्ण झालं. धरणाच्या वरच्या बाजूला चांगदेवजवळ पूर्णा नदी तापीला मिळते. दोन नद्यांचा गाळ इथे येतो आणि साचतो. पाणी साठवण्याच्या दृष्टीने हा गाळ म्हणजे डोकेदुखी, पण त्यामुळेच जलाशयाचे काठ उथळ झाले आहेत. पावसाळ्यात पुराचं पाणी सोडायला धरणाच्या ४१ दरवाजांपैकी लागतील तेवढे उघडतात. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय भरून घेतात आणि मग शेतीला, गावांना, दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी देता देता ते उन्हाळ्यापर्यंत खाली खाली जात राहतं. काठ मागे सरकतो आणि गाळ उघडा पडतो.

म्हणजे बघा, खाडीत जे दिवसातून दोनदा घडतं, तेच हतनूरला वर्षातून एकदा घडतं. आपली ओहोटी आठ महिन्यांची आहे!

फोटो काढणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. पाण्याची कड जिथे, तिथे पक्षी. म्हणून महिन्यानुसार हतनूरला वेगवेगळे फोटो मिळतात.

• नोव्हेंबर-डिसेंबर : पाणी भरपूर. तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी अशी पाहुणी बदकं लांब, पाण्याच्या मधल्या भागात थव्याने बसतात. या दिवसांत एका पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा थव्यासह जलाशयाचा मोठा फोटो काढावा.

• जानेवारी-फेब्रुवारी : कड खाली सरकलेली. शेकाट्या, तुतवार, धोबी, चमचा, चित्रबलाक चिखलावर आणि उथळ पाण्यात चरताना दिसतात. पक्षी काठाजवळ, ऊन कोवळं. शाळेची सहल न्यायची तर हेच दिवस.

• एप्रिल-मे : बरेचसे पाहुणे परत गेलेले. उघड्या पडलेल्या जमिनीवर टिटवीसारखे आपले रहिवासी पक्षी अंडी घालतात. या दिवसांत काठावर फिरूच नये. का ते पुढे सांगतो.

२) मामाकडे गेलात तर : ठाणे खाडी

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे मामा-काका ठाणे, कल्याण, नवी मुंबईत असतात. सुट्टीत मुलं तिकडे गेली तर खरी खाडी दाखवायची संधी असते. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या जवळचं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात हजारो रोहित ठाणे खाडीच्या चिखलावर उतरतात. ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून बोटीने फेरी मारता येते. ती भरतीच्या वेळेनुसार ठरते, म्हणून आधी चौकशी करून जावं.

इथे गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत आहे. किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. आपल्या आजी-आजोबांचा पाऊणकीचा पाढा आठवतो ना? अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या रीतीने भरती रोज ४५ मिनिटं पुढे सरकते, प्रत्यक्षात ती सुमारे ५० मिनिटं सरकते. पंचांगावरून काढलेला अंदाज इतका जवळ येतो, हे मुलांना फळ्यावर दाखवा. खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोचते, म्हणून जायच्या दिवशी नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्यायचीच.

आता यात उजेडाचं गणित मिसळा. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. तिथून पश्चिमेला खाडीकडे पाहिलं तर सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर छान उजेड पडतो. पाणी चढत असताना चिखल कमी कमी होतो आणि पक्षी काठाकडे गोळा होतात. म्हणजे सकाळची नऊची भरती आपल्याला सोयीची. नऊ कधी येतील? बारा पाऊणे नऊ. म्हणून द्वादशीच्या आसपासचा दिवस निवडावा. मुलांना हे उदाहरण द्या आणि संध्याकाळी समोरच्या भांडुपच्या काठावरून फोटो काढायचा असेल तर कोणती तिथी, हे त्यांनाच काढू द्या.

३) उजेड आणि ऊन

आपल्याकडे उजेडाला तोटा नाही, तो जास्तच आहे. हतनूरला हिवाळ्यात सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास सोन्यासारखे. त्यानंतर जमीन तापू लागली की हवा थरथरते. लांब रस्त्यावर मृगजळ दिसतं ना, तसाच हा प्रकार. लांबच्या पक्ष्याचा फोटो मग कितीही चांगल्या कॅमेऱ्याने काढा, तो पाण्यातून पाहिल्यासारखा पुसट येतो. मुलं म्हणतात, "कॅमेरा खराब आहे." कॅमेरा ठीक असतो, आपण उशिरा पोचलेलो असतो.

सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा हा पहिला धडा. दुसरा धडा पांढऱ्या रंगाचा. बगळ्याचा फोटो काढला की तो कागदाच्या तुकड्यासारखा नुसता पांढरा येतो, पिसं दिसतच नाहीत. मोबाईलवर बगळ्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येईल ते थोडं खाली ओढा. पिसं दिसू लागतात. वारकरी या पक्ष्यावर हा प्रयोग जरूर करून पाहा. अंग काळं कुळकुळीत, चोच आणि कपाळावरचा टिळा पांढराशुभ्र. काळा नीट आला तर टिळा जळतो, टिळा नीट आला तर काळ्यातले बारकावे जातात. अशा वेळी टिळा वाचवायचा. अंधारलेला भाग नंतर थोडा उजळता येतो, जळलेला पांढरा परत आणता येत नाही.

४) कॅमेरा कोणता? जो हातात आहे तो

मोबाईलने लांबचा पक्षी टिपायचा हट्ट सोडा. बोटांनी चित्र मोठं करत गेलं की पक्षी मोठा होत नाही, फक्त ठिपका मोठा होतो. त्यापेक्षा दोन मार्ग आहेत. पहिला, पक्षी लहानच राहू द्या आणि त्याचं घर मोठं दाखवा. दुसरा, शाळेत दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाईलचा कॅमेरा अलगद टेकवून फोटो काढा. दुर्बीण कुंपणाच्या खांबावर किंवा दप्तरावर टेकवली की हात हलत नाही. आमच्या मुलांनी काढलेले ओळखता येण्यासारखे पहिले फोटो असेच आले.

ज्या पालकांकडे मोठ्या झूमचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात :

• उभ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद, उडत्या पक्ष्यासाठी १/१५०० किंवा त्याहून जलद.
• फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर बाकी थोडं पुसट चालतं.
• सलग फोटो घ्यायची सोय वापरा, पण घरी येऊन त्यातले बहुतेक पुसायची तयारी ठेवा.
• खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल येतो. बसून काढलेल्या फोटोत मागे लांबचं पाणी येतं आणि पक्षी उठून दिसतो.

५) पक्षी नसला तरी फोटो असतो

मुलं तासभर बसून कंटाळतात. तेव्हा त्यांना जागेचा फोटो काढायला सांगा. क्षितिजाची रेघ सरळ आहे ना, हे आधी पाहायचं. पाणी एकीकडे कललं तर पाहणाऱ्याला ते सांडेल असं वाटतं! चित्राचे आडवे तीन भाग मनात पाडा आणि आभाळ जास्त घ्यायचं की जमीन, ते ठरवा. आभाळ कोरं असेल तर त्याला एकच भाग पुरे.

पायाजवळ काय आहे ते घ्या. भेगाळलेला गाळ, त्यावर उमटलेली पक्ष्यांची पावलं, काठाला लावलेली मासेमारांची नाव, वाळत घातलेलं जाळं. स्वच्छ थंड सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसते, ती चित्राच्या वरच्या भागात बसवा. जवळची पावलं, मधलं पाणी, लांबचा डोंगर अशा तीन पायऱ्या झाल्या की फोटोला खोली येते. खाडीतही हेच : जवळ चिखलातल्या पाण्याच्या वळणदार रेघा, मध्ये रोहितांची गुलाबी ओळ, मागे कांदळवन आणि त्याच्याही मागे इमारती. काही जण इमारती टाळतात. मी म्हणतो, येऊ द्या. पक्षी कुणाच्या शेजारी राहतात तेही फोटोत दिसलं पाहिजे.

६) एक चुकीचा फोटो

आता एप्रिल-मेची गोष्ट. ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सातवीतल्या एका मुलाला घेऊन मी जलाशयाच्या काठी गेलो होतो. सकाळचे अकरा वाजत आले होते. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये एक टिटवी बसलेली दिसली. आम्ही पुढे गेलो तशी ती उठली, ओरडू लागली, डोक्यावरून झेपा घेऊ लागली. मला कळलं की इथे अंडी आहेत. शोधली, सापडली. चार अंडी, खड्यांच्या रंगाची. मी खाली वाकलो, या बाजूने, त्या बाजूने, सावली पडू नये म्हणून पुन्हा सरकून, दहा मिनिटं फोटो काढले. फार सुंदर आले.

मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "सर, ती आता कधी बसेल? अंडी तापली ना."

आपल्याकडचं एप्रिलचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. मी हे वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलंही होतं. तरी दहा मिनिटं तिथे बसलो. आम्ही लांब बाभळीखाली जाऊन थांबलो. बऱ्याच वेळाने टिटवी परत आली.

पुढच्या आठवड्यात लांबून पाहिलं तर त्या जागी काहीच नव्हतं. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लवकरच चालू लागतात, त्यामुळे ती निघून गेली असतील. कावळ्यांनी किंवा कुत्र्यांनी अंडी नेली असतील. आमच्या पावलांनीच त्यांना वाट दाखवली असेल. कळायला मार्ग नाही. तो फोटो मी पुसलेला नाही. दरवर्षी नव्या वर्गाला दाखवतो आणि सांगतो, हा चुकीचा फोटो आहे. उजेड बरोबर, फोकस बरोबर, तरी चुकीचा.

त्यानंतर आमच्या वर्गाचा नियम झाला : *आपण निघून आल्यावर पक्षी आधी करत होता तेच करत असेल, तरच फोटो जमला.*

हे मुलांना पाळता यावं म्हणून खुणा शिकवा. चरणारा पक्षी चरायचं थांबवून मान ताठ करतो, ही पहिली सूचना. तिथेच थांबायचं. तो चालत दूर जाऊ लागला तर आपण दोन पावलं मागे यायचं. तो उडाला तर आपण हरलो. पूर्ण थवा उडताना छान दिसतो, म्हणून खडे मारणारी, बोट थव्यात घालायला सांगणारी मोठी माणसंही असतात. या पक्ष्यांना परतीचा मोठा प्रवास करायचा असतो, त्याची शिदोरी ते या चिखलातून गोळा करत असतात. आपण उडवलेला प्रत्येक थवा त्या शिदोरीतला घास काढून घेतो. घरट्याजवळ जायचं नाही, अंड्यांचे फोटो काढायचे नाहीत, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. घरटी आणि अंडी यांना धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हाही आहे.

आणि मुलांची सुरक्षा! गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. कोरड्या, पक्क्या काठाच्या पुढे एकही मूल जाणार नाही, हे आधी ठरवा. धरणाच्या भिंतीजवळ लावलेले मनाईचे फलकही पाळा.

७) फोटोचं पुढे काय करायचं?

फोटोखाली चार ओळी लिहायला लावा : तारीख व वेळ, जागा, अंदाजे किती पक्षी, काय करत होते. नाव आलं नाही तरी चालेल, ते नंतर शोधता येतं. एवढ्याने साध्या फोटोची नोंद होते. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर ती फोटोसह टाकता येते. पट्टकदंब हा हंसांच्या कुळातला पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून भारतात येतो. मंगोलियात काही पट्टकदंबांच्या गळ्यात खुणेचे पट्टे घातले गेले. भारतात कुणीतरी काढलेल्या फोटोत पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली आणि तो पक्षी कुठून आला ते कळलं. असा फोटो सुंदर असावाच लागतो असं नाही, अक्षरं दिसली की पुरे.

शाळेसाठी तीन तारखा सोयीच्या आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची आणि १२ नोव्हेंबर ही डॉ. सालिम अली यांची जयंती. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन, कारण १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा करार झाला.

वर्गासाठी उपक्रम

एक जागा निश्चित करा. हतनूर लांब पडत असेल तर जळगावकरांनी मेहरूण तलाव घ्यावा, इतरांनी गावाजवळचा पाझर तलाव. काठावरचं एक झाड किंवा दगड खूण म्हणून ठरवा. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांसोबत जाऊन त्याच खुणेजवळून, त्याच दिशेने एक फोटो काढायचा. पक्षी असो वा नसो. एप्रिल-मेमध्ये मात्र रस्त्यावरूनच. आठ फोटो ओळीने वर्गात लावा आणि मुलांना विचारा : पाण्याची कड दर महिन्याला कुठे गेली? पक्षी तिच्यामागे गेले का?

मे महिन्याच्या फोटोत कदाचित नुसती भेगाळलेली जमीन असेल. तोही भिंतीवर लावा. नीट पाहिलं तर त्या भेगाळलेल्या जमिनीवर लांब कुठेतरी एक ठिपका बसलेला असेल. ती टिटवी असेल, तर तिला ठिपकाच राहू द्या.

तुमच्या शाळेने हा उपक्रम केला तर मुलांचे अनुभव जरूर कळवा.